लांडगा खरेच आला, तर?

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट वर्गात कधीच सांगितली नाही, असा शिक्षक विरळाच. खोटे बोलू नये, हे तात्पर्य सांगून आपण ती संपवतो. पण तिच्या शेवटाकडे आपण फारसे लक्ष देत नाही. शेवटी लांडगा खरोखरच येतो आणि मेंढ्या मारतो. त्या मेंढ्या कोणाच्या होत्या? नुकसान कोणी सोसले? आणि त्या दिवशी मुलगा खरे बोलत होता, हे त्याला सिद्ध कसे करता आले असते?

महाराष्ट्राच्या पठारावर हे प्रश्न केवळ गोष्टीतले नाहीत. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या कमी पावसाच्या भागात माळराने आहेत. तिथे धनगर मेंढ्या चारतात आणि तिथेच लांडगेही राहतात. दोघेही अनेक शतकांचे शेजारी. या शेजारात भांडण आहे, तसा एक जुना समझोताही आहे. तो आज का मोडू लागला आहे आणि त्याची किंमत कोण मोजतो आहे, हे या लेखात पाहू या.

फिकट पायांचा लांडगा

आपल्याकडच्या लांडग्याचे शास्त्रीय नाव कॅनिस ल्यूपस पॅलिपेस. पॅलिपेस म्हणजे फिकट पायांचा. कर्नल विल्यम सायक्स हे मुंबई सरकारच्या नोकरीत असताना दख्खनची पाहणी करत फिरत होते. त्यांनी १८३१ मध्ये या प्राण्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, ते दख्खनमधल्याच लांडग्यांवरून. म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने या प्राण्याचा मूळ पत्ता आपले पठार हाच आहे.

युरोप किंवा उत्तर अमेरिकेतल्या लांडग्यापेक्षा हा बराच लहान असतो. वजन साधारण १८ ते २५ किलो, अंगावर आखूड केस, रंग वाळल्या गवतासारखा. त्याचे कळपही लहान असतात. एक जोडी, त्यांची गेल्या एक-दोन वर्षांतली मोठी पिल्ले आणि त्या वर्षीची लहान पिल्ले, एवढाच संसार. हिवाळ्यात ओढ्याच्या काठी किंवा एखाद्या टेकाडाच्या उतारावर बिळात पिल्ले होतात.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून असे दिसले, की जगातल्या लांडग्यांच्या वंशवृक्षाची भारतीय लांडगा ही अतिशय जुनी, वेगळी पडलेली फांदी आहे. अशा प्राण्याची देशातली संख्या किती असावी? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला शास्त्रज्ञांचा अंदाज आहे सुमारे तीन हजार. त्याच वर्षीच्या व्याघ्रगणनेत वाघांचा सरासरी अंदाज ३,६८२ आला होता. म्हणजे आपल्या देशात लांडगे वाघांपेक्षाही कमी असावेत. शिवाय बरेचसे वाघ अभयारण्यांत आणि राष्ट्रीय उद्यानांत राहतात. लांडगा मात्र मुख्यतः शेते, पडीक जमिनी आणि गायराने यांच्यातच वावरतो. त्याला वाचवायचे, तर ते माणसांच्या मध्येच वाचवावे लागणार.

मेंढीच का?

माळरानावर लांडग्याचे मूळचे खाद्य म्हणजे काळवीट, चिंकारा, ससे आणि उंदीर-घुशी. जिथे काळवीट भरपूर आहेत तिथे तो आजही मुख्यतः त्यांच्यावरच जगतो. गुजरातेतल्या वेळावदर राष्ट्रीय उद्यानात यादवेंद्रदेव झाला यांनी केलेल्या अभ्यासात हे स्पष्ट दिसले. आपल्या पठारावर मात्र काळविटांचे कळप थोड्याच ठिकाणी उरले आहेत. १९९० च्या दशकात सतीश कुमार आणि असद रहमानी यांनी सोलापूरजवळच्या नान्नज माळढोक अभयारण्यात लांडग्यांचा अभ्यास केला. तिथे लांडगे शेळ्या-मेंढ्यांवर मोठ्या प्रमाणात हल्ले करत होते.

यामागचे कारण साध्या हिशोबाने समजते. शिकारी प्राण्याला प्रत्येक शिकारीत ऊर्जा खर्च करावी लागते आणि मिळालेल्या मांसातून ती भरून काढावी लागते. काळवीट ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटर वेगाने पळतो. त्याच्यामागे धावणारा लांडगा बहुतेक वेळा रिकाम्या पोटी परततो. मेंढीचे तसे नाही. माणसाने सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात रानमेंढ्या माणसाळवल्या. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या शांत, न बुजणाऱ्या, कळप न सोडणाऱ्या मेंढ्याच पैदाशीसाठी निवडल्या गेल्या. रानमेंढीच्या मानाने पाळीव मेंढीचा मेंदूही लहान झाला. सावधपणा आणि वेग हे गुण आपणच तिच्यातून काढून टाकले आणि त्यांच्या जागी राखणदार ठेवला. मेंढपाळ आणि त्याची कुत्री ही जणू मेंढीच्या शरीराबाहेर ठेवलेली संरक्षणव्यवस्था आहे. ती क्षणभर ढिली पडली, की मेंढी हे माळरानावरचे सर्वांत स्वस्त अन्न ठरते.

आता एक ढोबळ गणित करू. एका मोठ्या लांडग्याला रोज पावणेदोन किलो मांस लागते असे धरू. चौघांच्या कळपाला रोज ७ किलो, म्हणजे वर्षाला सुमारे २,५५० किलो. एका मेंढीपासून १९ किलो खाण्याजोगा भाग मिळतो असे मानले, तर केवळ मेंढ्यांवर जगणाऱ्या कळपाला वर्षाला सुमारे १३४ मेंढ्या लागतील. प्रत्यक्षात तो आकडा कमी असतो. लांडगे ससे-उंदीर खातात, मेलेली ढोरे खातात, कोंबड्यांच्या शेडबाहेर टाकलेल्या मेलेल्या कोंबड्याही खातात. शिवाय एक कळप शे-दोनशे चौरस किलोमीटर मुलखात फिरतो, त्यामुळे त्याचा भार अनेक मेंढपाळांवर विभागला जातो. पण तो सारखा विभागला जात नाही. या मुद्द्याकडे आपण पुढे येणार आहोत.

एक खाल्ली, बारा मारल्या

लांडग्याविरुद्धचा सर्वांत मोठा राग त्याने खाल्लेल्या मेंढीचा नसतो. तो असतो न खाता मारलेल्या मेंढ्यांचा. वाड्यात शिरून लांडग्याने दहा-बारा मेंढ्या मारून टाकल्या आणि नेली एकच, असे प्रसंग घडतात. मग लांडगा क्रूर आहे, मजेसाठी मारतो, असे म्हटले जाते. खरे काय आहे?

प्राणिवर्तनाचे अभ्यासक हान्स क्रूक यांनी १९७२ मध्ये या वर्तनाचे विवेचन केले. त्यांनी पाहिलेली उदाहरणे लांडग्यांची नव्हती, तर युरोपातल्या कोल्ह्यांची आणि आफ्रिकेतल्या तरसांची होती. दाट काळोखाच्या रात्री कोल्ह्यांनी घरट्यांवरचे कुरव पक्षी मोठ्या संख्येने मारले होते आणि तरसांनी एका रात्रीत गॅझेल हरणांचा अख्खा कळप उद्ध्वस्त केला होता. दोन्ही ठिकाणी भक्ष्य नेहमीप्रमाणे पळाले नव्हते.

क्रूक यांचे स्पष्टीकरण असे. शिकार ही एकच क्रिया नसते. शोधणे, पाठलाग करणे, पकडणे, मारणे आणि खाणे अशा पायऱ्यांची ती साखळी असते. पोट भरले, की प्राणी शोधणे थांबवतो. पण पकडण्याची आणि मारण्याची प्रेरणा समोरच्या भक्ष्याच्या हालचालीने जागी होते. ती पोट भरल्याने लगेच विझत नाही. रानात याने काही बिघडत नाही, कारण एक हरीण पडेपर्यंत बाकीची नजरेआड गेलेली असतात. कुंपणात कोंडलेल्या मेंढ्या मात्र पळू शकत नाहीत. त्या लांडग्याच्या समोरच घाबरून धावत राहतात. प्रत्येक धावणारी मेंढी ही त्याच्या मेंदूला मिळालेली नवी सूचना असते.

याचा अर्थ मेंढपाळाचा राग चुकीचा आहे असा नाही. मेंढ्या मेल्या त्या मेल्याच. पण कारण कळले, की उपाय कुठे शोधायचा हेही कळते. लांडगा रात्री कुंपणाच्या आत शिरणार नाही एवढे साधले, तर सर्वांत मोठे नुकसान टळते.

सरासरी दिलासा देते, घर बुडते

लांडग्यांमुळे होणारे नुकसान किती, असे विचारले, की बहुधा सरासरीचा आकडा सांगितला जातो आणि तो लहान असतो. रोगराईने, भिजल्याने, गाडीखाली येऊन मरणाऱ्या मेंढ्या पुष्कळ ठिकाणी त्याहून जास्त असतात. मग मेंढपाळ एवढा का चिडतो?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका भागात १०० कुटुंबे आहेत आणि प्रत्येकाकडे १०० मेंढ्या. एकूण १०,००० मेंढ्या. वर्षभरात लांडग्यांनी २०० मारल्या. नुकसान झाले २ टक्के, म्हणजे दर कुटुंबामागे सरासरी २ मेंढ्या. हे सोसवण्याजोगे वाटते. पण प्रत्यक्ष वाटणी समजा अशी आहे:

६० कुटुंबांची एकही मेंढी गेली नाही.
३० कुटुंबांच्या प्रत्येकी २ गेल्या, म्हणजे ६०.
१० कुटुंबांच्या प्रत्येकी १४ गेल्या, म्हणजे १४०.

एकूण २००. सरासरी तीच, २. पण मध्यक काढला तर तो शून्य येतो, आणि दहा घरांना मात्र सातवा हिस्सा कळप गमवावा लागतो. मेलेल्यांत गाभण मेंढ्या असतील, तर पुढच्या हंगामाची कोकरेही गेली. मेंढपाळाचे वर्षाचे रोख उत्पन्न कोकरांच्या विक्रीतून येते. त्यामुळे या दहा घरांना कर्ज काढावे लागते किंवा उरलेल्या मेंढ्या विकाव्या लागतात. तालुक्याच्या अहवालात २ टक्के एवढेच लिहिले जाईल. पण विष घालायला निघालेला माणूस त्या दहा घरांतला असेल.

लांडग्यांचे भवितव्य सरासरी मेंढपाळ ठरवत नाही. ते ठरवतो सर्वांत जास्त नुकसान झालेला मेंढपाळ. एका मेंढीच्या शवावर टाकलेले विष लांडग्यांचा अख्खा कळप संपवू शकते, आणि त्यासोबत ते मांस खाणारे कोल्हे, तरस, घारी, गिधाडे आणि गावातली कुत्रीही मरतात.

जुना समझोता

मग इतकी शतके हे दोघे एकत्र कसे राहिले? याचे उत्तर धनगरांच्या राहणीत आहे.

फिरते धनगर दिवाळीच्या सुमारास आपला मुलूख सोडतात. घोड्यांवर बिऱ्हाड लादून बायकापोरांसह ते बागायती भागाकडे किंवा घाट उतरून कोकणाकडे जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततात. वाटेत शेतकऱ्यांच्या रिकाम्या रानात मेंढ्या बसवतात. लेंड्या आणि मूत यांचे खत शेताला मिळते आणि बदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. रात्री मेंढ्या वाघरीत, म्हणजे दोरीच्या जाळीच्या कुंपणात कोंडतात. भोवती माणसे झोपतात आणि कुत्री सुटी असतात. लहान कोकरे बिऱ्हाडाजवळ वेगळी राखली जातात. मेंढ्या एकट्या अशा कधीच नसतात.

यातले कुत्र्यांचे काम समजून घेण्याजोगे आहे. पिल्लू डोळे उघडल्यापासून मेंढ्यांत वाढले, तर मोठेपणी ते त्यांनाच आपला कळप मानते. लहानपणीच्या ठरावीक आठवड्यांत जडलेले हे नाते सहसा बदलत नाही. आफ्रिकेतल्या नामिबियात १९९४ पासून एका चित्तासंवर्धन संस्थेने हेच तत्त्व वापरून तुर्कस्तानी जातीची राखणदार कुत्री पशुपालकांना द्यायला सुरुवात केली. कुत्रा चित्त्याला मारत नाही. तो भुंकून मध्ये उभा राहतो आणि चित्ता निघून जातो. आपल्या धनगरांना ही गोष्ट पुस्तकाशिवाय माहीत आहे.

याशिवाय समझोत्याचा एक भाग मनातला आहे. लांडग्याने नेले ते त्याच्या वाट्याचे, असे म्हणणारे मेंढपाळ आजही भेटतात. याला अंधश्रद्धा म्हणून सोडून देऊ नये. ज्या नुकसानीला आपण वाटा म्हणतो, तिच्याबद्दल सूड घ्यावासा वाटत नाही. पण वाटा द्यायला आधी घरात काही शिल्लक असावे लागते.

समझोता का मोडतो आहे?

पहिले कारण जमिनीचे. माळरान हे निसर्गाचे एक संपूर्ण रूप आहे. तिथले गवत कमी पावसात तग धरते, जमीन धरून ठेवते, आणि माळढोक, तणमोर, चिंकारा, लांडगा यांना आधार देते. आपल्या सरकारी नोंदींत मात्र ते दीर्घकाळ 'पडीक जमीन' म्हणून गणले गेले. २००० मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही कित्येक गवताळ प्रदेश याच सदरात आले. पडीक म्हटले, की तिथे काहीतरी 'केले' पाहिजे असे वाटते. कुठे गिरिपुष्पाची लागवड झाली, कुठे कारखाने, कुठे घरांचे प्लॉट, कुठे फळबागा. माळ गेला तशी काळविटांची चराई गेली आणि मेंढ्यांचीही गेली. उरलेल्या तुकड्यावर लांडगा, मेंढी आणि धनगर यांची गर्दी झाली. नुकसान वाढले, ते लांडगे वाढले म्हणून नव्हे, तर जागा आटली म्हणून.

दुसरे कारण माणसांचे. धनगरांची मुले शाळेत जाऊ लागली, आणि ती गेलीच पाहिजेत. पण त्यामुळे राखणीला माणसे कमी पडतात. लोकरीला भाव राहिला नाही. रासायनिक खत आल्यावर मेंढ्या बसवून घेण्याची शेतकऱ्याची गरजही पुष्कळ ठिकाणी कमी झाली. एका मेंढीच्या नुकसानीचा धक्का पचवण्याची ताकद अशी चहूबाजूंनी घटली.

तिसरे कारण कुत्र्यांचे. गावाबाहेरच्या कचऱ्यावर आणि कोंबड्यांच्या टाकाऊ अवशेषांवर मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या वाढल्या आहेत. त्या स्वतः मेंढ्या मारतात आणि नाव लांडग्याचे होते. त्यांच्याकडून रेबीज आणि डिस्टेंपर हे रोग लांडग्यांत पसरू शकतात. पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले आणि २०२३ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला.

मारून टाकावे, की हलवावे?

मारण्याचा प्रयोग झालेला आहे. इंग्रज राजवटीत लांडगा मारणाऱ्याला इनाम मिळे. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले. तरीही भांडण मिटले नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही दिशा बदलली. आज लांडगा या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाइतकेच संरक्षण त्याला आहे.

मग पकडून दूरच्या जंगलात का सोडू नये? हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. त्याचे चांगले उत्तर बिबट्याच्या अनुभवातून मिळते. जुन्नर वनविभागात उसाच्या शेतांत बिबटे राहू लागले होते आणि शेळ्या-कुत्र्यांवर जगत होते. २००१ नंतरच्या काही वर्षांत तिथे मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे परिणाम तपासले. माणसांवरील हल्ले आधी वर्षाला सरासरी ४ होत, ते या काळात १७ वर गेले. शिकारी प्राण्याला आपला मुलूख असतो. तिथली पाणवठ्याची, लपण्याची आणि माणसे टाळण्याची वाट त्याला ठाऊक असते. अनोळखी जागी सोडलेला, पिंजऱ्यात घाबरलेला प्राणी जास्त धोकादायक ठरू शकतो. शिवाय रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या लवकरच भरून काढतो. हाच नियम लांडग्यालाही लागू व्हावा, असे मानायला पुरेशी कारणे आहेत.

लांडगा माणसावर हल्ला करतो का, हेही सांगितले पाहिजे. उत्तर प्रदेशात १९९६ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये बहराइच जिल्ह्यात लांडग्यांच्या हल्ल्यांत लहान मुलांचे बळी गेले. या घटना खऱ्या आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. पण आपल्या पठारावर लांडग्यांच्या सहवासात उघड्यावर झोपणाऱ्या धनगर कुटुंबांची भीती मुख्यतः मेंढ्यांसाठी असते, मुलांसाठी नव्हे.

खरे बोलणाऱ्याने सिद्ध कसे करावे?

महाराष्ट्र शासन वन्यप्राण्यांनी मारलेल्या जनावरांसाठी नुकसानभरपाई देते. हे योग्यच आहे. पण नियम कोणाला समोर ठेवून केले आहेत ते पाहा. घटना ४८ तासांच्या आत कळवावी लागते. मेलेले जनावर जागचे हलवता येत नाही. कर्मचारी येऊन पंचनामा करतात आणि मग प्रकरण पुढे सरकते.

ज्याचे घर, गोठा आणि गाव ठरलेले आहे, त्याची गाय वाघाने मारली, तर या अटी पाळता येतात. लांडगा मात्र कोकरू तोंडात धरून नेतो. मागे शव राहतच नाही. आणि धनगराचा मुक्काम एका रानात एक-दोन रात्रींचा. पंचनाम्यासाठी थांबायचे, तर बाकीच्या मेंढ्यांना चारा कुठून आणायचा? ज्या तालुक्यात मेंढी मेली तिथले कार्यालय त्याच्या ओळखीचे नसते. पैसे मंजूर होतील तेव्हा तो शंभर किलोमीटर दूर असतो. त्यामुळे पुष्कळ जण अर्जच करत नाहीत. गोष्टीतल्या मुलाचे कोणी ऐकले नाही, कारण तो आधी खोटे बोलला होता. या मेंढपाळाचे ऐकले जात नाही, कारण त्याच्या खरेपणाचा पुरावा लांडग्याने खाल्लेला असतो.

भरपाईऐवजी विमा हा एक वेगळा मार्ग आहे. त्याचे नावाजलेले उदाहरण हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यात, सुमारे ४,२०० मीटर उंचीवरच्या किब्बर गावात सापडते. तिथे हिमबिबट्या आणि लांडगा हे दोघेही जनावरे मारतात. चारुदत्त मिश्रा यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गावकऱ्यांनी दीड वर्षात १८ टक्के जनावरे गेल्याचे सांगितले होते. सरकारी भरपाई मात्र त्यांना जाणवणाऱ्या नुकसानीच्या अवघी ३ टक्के होती.

२००२ मध्ये तिथे गावाने चालवलेला विमा सुरू झाला. जनावराचा मालक हप्ता भरतो, संवर्धनासाठी काम करणाऱ्या संस्था त्यात भर घालतात आणि निधी गावाच्या समितीकडे राहतो. कोणते जनावर कशाने मेले, हे शेजारीच ठरवतात. खोटा दावा केला, तर पैसे शेजाऱ्यांच्याच खिशातून जातात, त्यामुळे खोटेपणाला आपोआप आळा बसतो. राखण चांगली करणाऱ्यांना बक्षीसही ठेवले गेले. याच्या जोडीला गावाने आपल्या चराईतला सुमारे पाच चौरस किलोमीटरचा भाग मोबदला घेऊन मोकळा सोडला. तिथे भरल या रानमेंढ्यांची संख्या वाढली, म्हणजे हिमबिबट्याचे मूळचे खाद्य वाढले.

आता आपल्या शंभर कुटुंबांच्या उदाहरणाकडे परत येऊ. प्रत्येकाने वर्षाला दोन मेंढ्यांची किंमत निधीत टाकली, तर २०० मेंढ्यांचे पैसे जमतात आणि दहा घरे बुडत नाहीत. विम्याने नुकसान कमी होत नाही, ते वाटले जाते. इथे एक कळीचा प्रश्न उरतो. हा सगळा हप्ता मेंढपाळांनीच का भरायचा? लांडगा वाचवावा हा कायदा साऱ्या देशाने केला आहे. त्याचा आनंद आणि अभिमान आपल्या सर्वांचा आहे. मग त्याचा खर्च देशातल्या अत्यंत कमी जमीन असलेल्या लोकांनी एकट्याने उचलणे न्यायाचे नाही.

किब्बरची पद्धत जशीच्या तशी पठारावर आणता येणार नाही, कारण किब्बर एका जागी आहे आणि धनगरांचा वाडा फिरता आहे. पण तिच्यातली तत्त्वे घेता येतील. शेजाऱ्यांची साक्ष पुरावा म्हणून धरणे, एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचा मिळून निधी करणे, कुठल्याही तालुक्यात दावा नोंदवता येणे, मोबाइलवर काढलेले छायाचित्र चालणे, मजबूत जाळ्या आणि कुत्र्यांच्या लसीकरणाला मदत करणे, या गोष्टी अशक्य नाहीत. आणि या सर्वांच्या आधी माळरानाला 'पडीक' म्हणणे थांबवले पाहिजे. लांडगा आणि धनगर यांच्या भांडणात दोघांचाही खरा तोटा तिथेच झाला आहे.

वर्गात काय करता येईल?

१. वरचा शंभर कुटुंबांचा तक्ता फळ्यावर काढा. मुलांकडून सरासरी आणि मध्यक काढून घ्या. मग विचारा, गावच्या सभेत कोणता आकडा सांगाल आणि का?

२. वर्गात दहा-दहा मुलांचे गट करून प्रत्येकाला दहा चिंचोके द्या. चिठ्ठ्या टाकून एका मुलाचे आठ चिंचोके काढून घ्या. पुढच्या फेरीत प्रत्येकाने आधी एक चिंचोका सामाईक डब्यात टाकावा आणि नुकसान त्यातून भरावे. डब्यात किती उरले? सलग तीन फेऱ्यांत दोनदा दोघांचे नुकसान झाले, तर डबा पुरतो का? कोणी बाहेरून भर घालावी असे मुलांना वाटते?

३. गावाजवळ धनगरांचा वाडा उतरला असेल, तर त्यांची परवानगी घेऊन मुलांना न्या. वर्षभरात किती मेंढ्या कशाने गेल्या, असे विचारा. रोग, अपघात, कुत्री, लांडगा, चोरी असे रकाने करा. लांडग्याचा रकाना कितवा येतो ते पाहा. वर्गात एखादे मूल धनगराचे असेल, तर त्या दिवशी या विषयाचा शिक्षक तेच असू द्या.

४. गावच्या नोंदीत 'पडीक' लिहिलेल्या जमिनीवर पावसाळ्यानंतर जा. एक चौरस मीटर चौकटीत किती प्रकारचे गवत, किती कीटक आणि कोणाची लेंडी-विष्ठा सापडते ते मोजा. लांडग्याच्या विष्ठेत बहुधा केस दिसतात. पण ती हाताने उचलू नका, काठीने बाजूला करून पाहा.